कोरा रकाना

वजनकाटा एरवी दवाखान्याच्या कपाटावर उलटा पडून असायचा. महिन्याच्या पहिल्या सोमवारी तो खाली उतरायचा, आणि त्याच्याबरोबर कारखान्यातल्या सहाही शिवणलाइनींचा जीव खालीवर व्हायचा.

काटा उतरवणारी मुलगी चोवीस वर्षांची होती. शास्त्राची पदवी घेऊन ती इथे आरोग्य साहाय्यक म्हणून लागली, पण ते लांबलचक नाव कोणाच्या तोंडात बसलं नाही. सगळ्या तिला वजनताई म्हणत. अचूकपणा ही तिची खोड होती. वजनं घ्यायच्या आधी ती पाण्याने भरलेला एक डबा काट्यावर ठेवून बघायची. डबा पाच किलो दोनशेचा. कधी पाच तीनशे भरला, तर त्या दिवसाच्या प्रत्येक आकड्यातून शंभर ग्रॅम वजा.

“डब्याचं वजन वाढलं की काय?” कंपाउंडरकाका विचारायचे. “त्यालाही चालायला पाठवा थोडं.”

काका टेबलाशी वही घेऊन बसत. ती आकडा मोठ्याने वाचायची आणि ते लिहायचे. वजन झालं की तिथेच रक्तदाब आणि बोटाला टोचून साखर, अशी सगळी तपासणी एका फेरीत उरकायची.

योजना आरोग्य खात्याची होती. लोकांची वजनं वाढताहेत, वजनापाठोपाठ साखर, रक्तदाब, गुडघे येताहेत, त्यांच्यापाठोपाठ आजारपणाच्या रजा आणि औषधपाणी. याचा भुर्दंड मालकाला बसतो, सरकारलाही बसतो, आणि घरच्यांना तर बसतोच. हे सगळं खरं होतं, वजनताईने त्यावरची टिपणं वाचलेली होती. मग कॅन्टीनमधलं तळण बंद झालं. साखरेची बरणी काउंटरमागे गेली. जिन्यावर ‘प्रत्येक पायरी आरोग्याकडे’ असं लिहिलेले कागद लागले, आणि ज्या लाइनीचं सरासरी वजन उतरेल तिला त्या महिन्याचा शेवटचा शनिवार भरपगारी सुट्टी मिळू लागली. नऊ तास मशीनवर वाकून बसणाऱ्या, मध्ये बारा बारा मिनिटांच्या दोन सुट्ट्या मिळणाऱ्या बाईने चालायचं कधी, हे कोणत्याच कागदावर नव्हतं. पण शनिवार होता. आणि शनिवारसाठी बायका काय वाटेल ते करायला तयार होत्या.

चार नंबरच्या लाइनीत चौतीस जणी होत्या. त्यातली एक वजनताईची मावशी.

मावशी बावीस वर्षं त्याच लाइनीत कडा शिवत होती. वजनताईची आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती. त्यानंतरच्या तिच्या सगळ्या फिया, सगळे गणवेश, कॉलेजातला पांढरा कोट, सगळं त्या एका मशीनच्या सुईखालून आलेलं होतं. नोकरी लागल्यावर ती कारखान्याजवळच्या वसतिगृहात राहायला आली. मावशी दोन बस बदलून यायची, त्यामुळे भेट बहुतेक जेवणाच्या सुट्टीतच व्हायची.

पहिल्या वजनाच्या दिवशी मावशी काट्यावर चढली, आणि वजनताईने आकडा वाचला, जसा सगळ्यांचा वाचत होती तसाच. “चौऱ्याण्णव दोनशे.”

रांगेत कोणीतरी फिसकन हसलं. मावशीने मागे वळून बघितलं आणि स्वतःच मोठ्याने म्हणाली, “ऐका गं! शंभराला सहा कमी. माझी भाची आहे, मोजायला चुकत नाही.”

मग सगळ्याच हसल्या. साखर जरा जास्त निघाली. गोळ्या सुरू झाल्या.

दुसऱ्या महिन्यात मावशी आली, पण काट्यावर चढताना काहीच बोलली नाही. तिसऱ्या महिन्यात आलीच नाही. वहीत तिच्यापुढचा रकाना कोरा राहिला. तो तसा सोडायचा हा नियम वजनताईनेच केलेला होता. सुरुवातीला काकांनी गैरहजर बाईपुढे शून्य लिहिलं आणि एका लाइनीची सरासरी धाडकन खाली आली, तेव्हा तिने वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईत लिहून ठेवलं होतं: ‘गैरहजर असल्यास रकाना कोरा सोडावा. शून्य लिहू नये.’ या नियमाचा तिला मनातून अभिमान होता.

“मावशी, काल आली नाहीस?”

“अंग दुखत होतं गं.”

चौथ्या महिन्यात पाहुणे होते. पाचव्या महिन्यात पुन्हा अंग. वजनताईने फार खोदून विचारलं नाही. कारण खरं सांगायचं तर मावशी आली नाही की तिला हायसं वाटायचं. तो आकडा चारचौघींत पुन्हा वाचावा लागत नव्हता. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नीटसं नाही.

आठ महिने झाले. सहाही लाइनींची सरासरी उतरत गेली होती, आणि चार नंबरची सगळ्यांत जास्त: अडुसष्ट पूर्णांक चारवरून पासष्ट पूर्णांक नऊ. अडीच किलो! मॅनेजरने तिला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. आरोग्य खात्याचे साहेब पुढच्या सोमवारी येणार होते. अहवाल चांगला झाला तर ही योजना आणखी चाळीस कारखान्यांत जाणार होती.

“तुमचं नाव होईल, मॅडम,” मॅनेजर म्हणाला. त्याने तिला पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं.

बुधवारी दुपारी ती अहवालातला आलेख काढत बसली. कॉलेजात त्यांना एक सर होते. कोणी काहीही आकडा सांगितला की ते एकच प्रश्न विचारायचे, “किती जणांवरून?” त्या सवयीने तिने आलेखातल्या प्रत्येक महिन्याखाली वजन केलेल्यांची संख्या लिहायला घेतली.

चौतीस. चौतीस. बत्तीस. एकतीस. तीस. एकोणतीस. एकोणतीस. एकोणतीस.

तिने पेन खाली ठेवलं. मग पुन्हा उचलून त्या एकोणतीस जणींचीच पहिल्या महिन्यातली वजनं बाजूला काढली, बेरीज केली आणि भागली. पुन्हा केली. त्यांची सरासरी तेव्हाही पासष्टच्या आसपासच होती. आठ महिन्यांत ती अर्ध्या किलोने वाढलेली होती.

उतरलं काहीच नव्हतं. पाच रकाने तेवढे कोरे झाले होते, आणि ते पाच लाइनीतल्या सगळ्यांत जड बायकांचे होते. शितावरून भाताची परीक्षा करतात हे खरं, पण शितं आधीच कोणी वेचून ठेवली असतील तर?

पाचांतला एक रकाना मावशीचा होता.

जेवणाच्या सुट्टीत ती चार नंबरकडे गेली. मावशी जागेवर नव्हती, कपडे आणायला गोदामात गेली होती. तिच्या शेजारी बटणं लावणारी एक किडकिडीत बाई बसायची. तिच्या जिभेला सुईपेक्षा जास्त धार होती.

“वजनाच्या दिवशी या पाच जणी का नसतात?”

बटणवालीने डब्यातून मान वर केली. “अगं बाई. हे तुम्हाला आज कळलं?”

“काय कळलं?”

“आता एवढं शिकलात ताई, आणि आम्ही काय सांगायचं! त्या येत नाहीत म्हणून तर शनिवार येतो.” तिने आवाज खाली केला. “आम्ही कोणी जबरदस्ती नाही केली हं. आधी एक म्हणाली, मी राहते घरी. मग दुसरी. त्यांचं त्या दिवसाचं काम आम्ही वाटून घेतो. एक कपडा मागे पडू देत नाही.”

“आणि पगार कापला जातो तो?”

“नाही कापत. आजारपणाची रजा टाकतात ना.”

वजनताईने हातातल्या यादीवर पाचही नावांपुढे ‘रजा’ असं टिपून घेतलं. बटणवालीला ते बोललेल्यापेक्षा जास्त लागलं असावं. डब्याचं झाकण तिने दाबून लावलं.

“माझी सासू अंथरुणाला खिळलीय. महिन्यातला तो एक दिवस मी तिचं डोकं धुते, चादरी बदलते. रविवार बाकीच्या कामांतच जातो. तुम्ही आमचा शनिवार घालवणार असाल ना ताई, तर आधी सांगा.”

आजारपणाच्या रजा वर्षाला सहा मिळत. वजनताईने बोटांवर मोजलं. तिसरा महिना ते आठवा महिना: सहा.

संध्याकाळी ती मावशीबरोबर बसमध्ये चढली. मावशी आधी खूश झाली, मग तिच्या चेहऱ्याकडे बघून खिडकीकडे वळली. दुसरी बस बदलताना मावशी डावा पाय उचलून टाकत होती. वजनताईने ते आज पहिल्यांदा पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत मावशी नेहमी बसलेलीच असायची.

मावशीची खोली होती तशीच होती. भिंतीला टेकवलेलं जुनं शिवणयंत्र, खिडकीत वाळत घातलेली उशी, कपाटावर वजनताईचा पदवीचा फोटो. फक्त एक वास होता, गोडसर आणि कुबट, आणि तो झाकायला जमीन फिनेलने पुसलेली होती.

“पाय दाखव.”

“काही नाही गं. चपलेने घासलंय.”

“मावशी, दाखव.”

मावशीने मोजा काढला. आत फडकं होतं, फडक्याच्या आत प्लास्टिकची पिशवी. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. बोटांच्या बेचक्यातून पाणी येत होतं.

“कधीपासून?”

“दुखत नाही म्हणून लक्षातच आलं नाही. दीड महिना झाला असेल.”

“दीड महिना! आणि दवाखान्यात का नाही आलीस? मी तिथे बसलेली असते ना रोज!”

“तुझ्याकडे तपासणी म्हणजे वजनाच्या दिवशी. आणि मोठ्या इस्पितळात जायचं तर पूर्ण दिवस मोडतो. रजा कुठाय?” मावशीने फडकं पुन्हा गुंडाळायला घेतलं. “गोळ्याही संपल्या. नव्या घ्यायच्या तर तू आधी साखर बघणार, आणि साखर बघायची तर आधी काट्यावर उभं करणार. तुझा तो क्रमच आहे.”

क्रम तिनेच लावला होता. वेळ वाचावा म्हणून.

“तुला कोणी सांगितलं होतं घरी बसायला?”

“कोणी कशाला सांगायला हवं? मला डोळे आहेत.” मावशी हसली, पण ते हसू तोंडातच राहिलं. “बावीस वर्षांत त्या पोरींना मी काय दिलं? मी एक दिवस आले नाही की तेहेतीस जणींना सुट्टी मिळते. खायला काळ आणि भुईला भार म्हणतात ना, त्या भाराचा तेवढा तरी उपयोग झाला.”

वजनताईने खाली बसून ते फडकं तिच्या हातातून काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला आणि फार शब्द खर्च केले नाहीत. दोन बोटं काढावी लागली. “महिनाभर आधी आणलं असतं तर जखम धुऊन भागलं असतं,” त्या कागद भरता भरता म्हणाल्या. “घरात कोणाच्या लक्षात आलं नाही?”

शस्त्रक्रियेनंतर मावशी गुंगीत होती. जाग आल्यावर तिने पायाकडच्या पांढऱ्या गाठोड्याकडे बघितलं, मग भाचीकडे.

“आता घे वजन,” ती म्हणाली. “थोडं तरी कमी भरेल.”

वजनताई उठून बाहेर गेली आणि व्हरांड्यात भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

सोमवारी साहेब आले. थकलेला, भला माणूस होता. चहात साखर घेतली नाही. मॅनेजर त्यांना जिन्यावरचे कागद दाखवत वर घेऊन आला. वजनताईने दोन अहवाल तयार ठेवले होते. एकात नुसता आलेख होता. दुसऱ्यात प्रत्येक महिन्याखाली संख्या होती, त्या एकोणतीस जणींचं वेगळं गणित होतं, आणि शेवटी रजांचा तक्ता. इस्पितळाच्या बाकावर बसून तिने तो पुरा केला होता. बाकीच्या लाइनींचंही गणित तसंच निघालं होतं.

तिने दुसरा पुढे केला.

साहेबांनी वाचायला बराच वेळ घेतला. मॅनेजर मध्ये एकदा “म्हणजे नक्की काय झालंय, मॅडम?” असं म्हणाला आणि त्या मॅडममध्ये आता खुर्ची नव्हती.

“वजन कोणाचंच कमी झालेलं नाही,” ती म्हणाली. “जड बायका काट्यावर यायच्या थांबल्या. त्याबरोबर त्यांची तपासणी थांबली. ज्यांच्यासाठी हे सगळं सुरू केलं, त्याच बाहेर पडल्या. एकीची दोन बोटं गेली आहेत.”

ती एक कोण, हे तिने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बाकीचं सगळं त्या एकीपायी म्हटलंय असं झालं असतं, अशी तिला भीती वाटली.

“असं प्रामाणिकपणे कोणी लिहून देत नाही,” साहेब म्हणाले आणि चष्मा पुसला. “चाळीस कारखान्यांत हीच चूक गेली असती. बरं, आता उपाय सांगा. तुमच्या मते नियम कसा हवा?”

तिला कोणी असं विचारेल हे तिच्या मनातही नव्हतं. तिने विचार केला. “एक तर तपासणी वजनापासून वेगळी करावी. ज्याला हवं त्याने कधीही यावं. आणि सरासरी धरायचीच असेल तर पटावरच्या सगळ्यांची धरावी. एकही रकाना कोरा राहिला तर त्या लाइनीचा निकालच लावू नये.”

“दुसरं लगेच होईल,” साहेबांनी लिहून घेतलं. “पहिल्याला माणूस लागेल, वेळ लागेल. ते पुढच्या टप्प्यात घेऊ.”

मॅनेजरनेही लिहून घेतलं. त्याने फक्त दुसरं लिहिलं.

त्या महिन्याचा शनिवार कोणालाच मिळाला नाही. बातमी दुपारपर्यंत सगळीकडे पसरली. कॅन्टीनमध्ये वजनताई ज्या बाकावर बसली तो बाक रिकामा झाला. बटणवाली तिच्याजवळून जाताना थांबली. ती ओरडेल असं वाटलं होतं, पण ती हळूच म्हणाली, “सासूच्या चादरी तुम्ही येऊन बघा एकदा, ताई. तिथेही काहीतरी मोजता येईल.” आणि गेली.

काकांनी वहीच्या पहिल्या पानावरचा लाल नियम पट्टी लावून खोडला आणि खाली नवा लिहिला. त्यांचं अक्षर सुंदर होतं.

मावशी तीन आठवड्यांनी काठी घेऊन कामावर आली, एवढं वजनताईला फोनवर कळलं होतं. “बसून काम दिलंय, बरं आहे,” मावशी म्हणाली होती. मशीनचं काम बसूनच असतं, त्यामुळे त्यात तिला वेगळं काही वाटलं नाही.

मग पहिला सोमवार आला. तिने डबा काट्यावर ठेवून बघितला. पाच दोनशे. चार नंबरची लाइन आली. आकडे ती आता मोठ्याने वाचत नव्हती, चिठ्ठीवर लिहून काकांकडे सरकवत होती. एकामागून एक बायका चढल्या, उतरल्या. कोणी तिच्याशी बोललं नाही. मग दार रिकामं झालं.

“एकोणतीस,” काका म्हणाले.

“बाकीच्या?”

“बाकीच्या नाहीत. एकोणतीसच आहेत.” काकांनी वही तिच्याकडे फिरवली. नवीन पान होतं, ऑफिसातून आलेल्या नव्या पटावरून उतरवलेलं. पटावर एकोणतीस, हजर एकोणतीस. एकही रकाना कोरा नव्हता.

“आणि त्या पाच जणी?”

काका तिच्याकडे न बघता पेनचं टोपण लावत बसले. “मागच्या शेडात. धागे कापायला. कंत्राटावर घेतलंय त्यांना. कंत्राटाच्या बायका आपल्या पटावर येत नाहीत, ताई. नियम तुम्हीच...”

पाच नंबरची लाइन दाराशी येऊन उभी राहत होती. वजनताईने साखर मोजायचं छोटं यंत्र खिशात टाकलं आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

शेड पत्र्याचं होतं. आत कपड्यांचे ढीग, आणि ढिगांमध्ये बाकांवर बसलेल्या बायका. तिथे सगळ्या लाइनींमधल्या होत्या, पंचवीसेक तरी, आणि सगळ्या जड. कात्र्यांचा बारीक आवाज तेवढा चालू होता. जमिनीवर तोडलेल्या धाग्यांचा थर साचला होता. मावशी दाराजवळ बसली होती, पाय एका उलट्या खोक्यावर ठेवून.

“तू इथे कशाला आलीस?” मावशीने आधी मुकादमाकडे बघितलं. तो पाठमोरा होता. “कोणी बघितलं तर?”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? काम आहे ना. इथे काटा नाही, जिना नाही.” तिने एका सदऱ्याच्या कडेचा धागा ओढून कापला. कड तिच्याच हातची असू शकली असती, आता दुसरीने शिवलेली होती. “त्यांचा शनिवार आला का?”

“येईल.”

“मग झालं.”

वजनताईने यंत्र काढलं. मावशीने एकदा मुकादमाच्या पाठीकडे बघितलं आणि सदऱ्याखालून बोट पुढे केलं. बोटाचं टोक सुया टोचून टोचून कडक झालेलं होतं. रक्त यायला दोनदा टोचावं लागलं.

आकडा आला. तीनशे बारा.

“किती?”

वजनताई खाली वाकली आणि मावशीच्या कानात सांगितलं. शेजारच्या बाईलाही ऐकू गेलं नाही.

मावशीने मान हलवली, बोट तोंडात घालून चोखलं आणि कात्री पुन्हा उचलली. “जा आता,” ती म्हणाली. “तुझी लाइन उभी असेल.”